फाट्यावरचा ठसा

माझ्या दादाला जंगलातले सगळे ड्रायव्हर ‘रेडिओ’ म्हणायचे. सकाळी गेट उघडायच्या आधी जीपगाड्या रांगेत लागल्या की कुणीतरी ओरडायचंच, “रेडिओ लागला का रे? काय बातम्या?” दादा बॉनेटला टेकून डोळे मिटून उभा असायचा. मग हळूच एक बोट वर करायचा. “भेकर. पाणवठ्याच्या वरच्या अंगाला. दोनदा ओरडलं, आता गप्प आहे.” बाकीच्यांना पान हललेलंही ऐकू आलेलं नसायचं. पण त्या अंगाला गाडी नेली की दहातल्या सात वेळा वाघ दिसायचा.

वाघ स्वतः काही सांगत नाही, बाकीचे सांगतात. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, सांबर दचकून ओरडतं, माकडं झाडावरून खाकरतात. त्या आवाजावरून वाघ कुठे असेल ते ताडायचं आणि पाहुण्यांना तिथे न्यायचं, एवढाच दादाचा उद्योग. शाळा नववीत सुटली, पण कान देवानं दिले होते. एकवीस वर्षं त्यानं गाईडचा बिल्ला छातीवर लावला.

मी त्याच्या पाठची. गेटजवळच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते. माझे मिस्टर त्याच जंगलात वनरक्षक होते. त्यांची गस्त पायी, हातात काठी. घरी दोघं एकत्र जेवायला बसले की हे दादाला म्हणायचे, “तुम्ही वाघ दाखवता, मी वाघ टाळतो. आणि लोक टाळ्या तुम्हाला वाजवतात.” दादा हसायचा. “टाळ्या हव्यात तर या ना जीपमध्ये, जावईबुवा. काठी ठेवा घरी.”

दादा स्वभावानं मऊ होता. एवढ्या लांबून आलेली माणसं दोन-दोन दिवस धूळ खाऊन वाघाविना परत निघाली की त्याच्या जिवाला लागायचं. मग तो एक लबाडी करायचा. “चाक बघतो जरा,” म्हणून खाली उतरायचा, गाडीच्या पुढे जाऊन मऊ मातीत मूठ दाबायचा आणि तिच्यापुढे चार बोटांची टोकं. झाला वाघाचा पंजा! मग वर चढून थोडी गाडी पुढे घ्यायला लावायची आणि एकदम कुजबुजायचं, “थांबा! कुणी उतरू नका. डावीकडे बघा, ताजा ठसा. आत्ताच गेलाय.” पाहुण्यांचे चेहरे असे फुलायचे की विचारू नका. फोटो काढायचे, घरी जाऊन सांगायचे, वाघ थोडक्यात हुकला. जुने गाईड सगळेच हे करत. “कुणाचं काय जातं?” दादा म्हणायचा. परत येताना तो चपलेनं ठसा पुसून टाकायचा, हेही खरं.

ह्यांना ते कळलं तेव्हा हे फार रागावले होते. “दादा, जंगलात खोटं लिहू नका,” हे म्हणाले. “वाचणारे आम्ही आहोत.” मग माझ्याकडची पिठाची परात ओढून तिच्यात बोटानं मला दाखवलं, खऱ्या पंजाच्या गादीला मागच्या बाजूला तीन लाटा असतात. “मुठीला लाटा कुठून येणार? पण हे दिसायला खाली वाकावं लागतं. आणि आम्हाला नियम आहे, समोर ताजा ठसा दिसला की वाकायचं नाही, वळायचं. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो.” दादानं कान पकडले. माझ्या देवासमोर उभं राहून शपथ घेतली, पुन्हा नाही करणार.

त्यानंतर सहा महिन्यांनी, थंडी सरत आली होती, एका पहाटे हे गस्तीला गेले आणि परत आले नाहीत.

दुपारी सापडले. पिल्लांवर असलेली वाघीण होती. तिचा काय दोष, ती आईच. पण हे सापडले ओढ्याच्या वाटेवर. त्यांची गस्त होती तीन नंबरच्या फाट्यावरून सरळ वर टेकडीकडे. ओढा त्याच फाट्यावरून खाली, अगदी उलट दिशेला. तिथे जायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘नेमून दिलेली वाट विनाकारण सोडली.’ गेटजवळ भिंतीवर कामावर असताना गेलेल्यांच्या नावांची पाटी आहे. त्या एका ‘विनाकारण’मुळे ह्यांचं नाव पाटीवर चढलं नाही.

पायाखालची मुंगी बघून चालणारा माणूस तो. सासूबाईंना हे पटेना. रोज सकाळी मी देवापुढे दिवा लावला की त्या खाटेवरून विचारायच्या, “का गेला गं तो तिकडे?” मी म्हणायची, “माहीत नाही, आई.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सात वर्षं. कधी कधी मला वाटायचं, त्या मला नाही, देवालाच विचारतात, मी उगीच मध्ये बोलते. पण खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. माणूस गेला तो गेला. का गेला एवढं तरी कुणी सांगावं.

आणि दादाचं भलतंच सुरू झालं. ह्यांना खांदा देऊन आला, ओट्यावर बसला, मी पाणी दिलं. त्यानं पेला तोंडाला लावला आणि तसाच थांबला. बोट वर. “ऐकलंस? भेकर.” आमचं घर गावाच्या मधोमध, पलीकडे पिठाची गिरणी. मी म्हटलं, “दादा, गिरणी आहे ती.” तो मान वळवून मागे बघत राहिला.

मग ते थांबलंच नाही. जेवताना ओरडायचं, दाढी करताना ओरडायचं. मी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तर तिथे तिसऱ्या मजल्यावर, डॉक्टरांच्या टेबलासमोर तो ताडकन उठून उभा राहिला. “मागे आहे,” म्हणाला. मागे वजनकाटा होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, आणि झोपेत तो दचकायचा. आवाज नेहमी पाठीमागूनच यायचा, कधी समोरून नाही. त्याच्याकडे बघून मीही मागे वळून बघायला लागले होते. हळदीचा डबा काढताना मान फिरवायची आणि स्वतःवरच चिडायची.

दादानं जीपवर जाणं सोडलं, गेटवर तिकिटं तपासायचं काम मागून घेतलं. ड्रायव्हर सुरुवातीला म्हणायचे, “रेडिओ बिघडला बुवा, दुकानात टाका.” पुढे कुणी म्हणेनासं झालं. थट्टा बंद झाली की समजावं, माणसाचं काही खरं नाही. मी समजत होते, दुःख आहे, माझ्यासाठी झुरतोय. देवाला सांगायची, बाबा रे, माझं मला पुरे आहे, ह्याला मोकळं कर.

गेल्या वर्षी कॅन्टीनमध्ये एक बाई आल्या, पन्नाशीच्या, बरोबर नवरा. चहा घेता घेता मला विचारलं, “अहो, इथे एक गाईड होते, कानानं वाघ ओळखणारे. तेच हवेत आम्हाला. मागे माझ्या सासऱ्यांना घेऊन आलो होतो, त्यांची शेवटचीच सहल ती. वाघ काही दिसला नाही, पण त्या गाईडनी ठसा दाखवला. सासरे जाईपर्यंत सगळ्यांना सांगत होते.” आणि पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटातला फोटो काढला.

मातीत पंजा. त्याच्या शेजारी, आकार कळावा म्हणून ठेवलेला दादाचा हात, मनगटात आमच्या वडिलांचं घड्याळ. मागे फाट्याचा दगड, त्यावर तीन आकडा. पंजाची बोटं वर टेकडीकडे. गादीची मागची कड गुळगुळीत, एकही लाट नाही. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली तारीख होती. हे गेले त्याच्या आदल्या दिवसाची.

चहाचं पातेलं उतू गेलं. बाई म्हणाल्या, “अहो, गॅस!” मी गॅस बंद केला आणि विचारलं, “ताई, हा फोटो घटकाभर नेऊ का? लगेच आणून देते.”

दुपारची वेळ, गेटवर एकही गाडी नव्हती. दादा तिकिटाच्या खिडकीत एकटा. मी फोटो त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तारखेकडे बघितलंच नाही, आपल्या हाताकडे बघत राहिला.

“शपथ घेतली होतीस,” मी म्हटलं.

“हो.”

“माझ्या देवासमोर.”

“म्हातारा रडायला आला होता गं. मला बघवेना.” त्याचा आवाज अगदी साधा होता, जणू मी विचारीन म्हणून सात वर्षं तयारच बसला होता. “परतताना पुसणार होतो. नेहमी पुसायचो. पण गेट बंद व्हायची वेळ झाली, ड्रायव्हरनं गाडी जवळच्या वाटेनं काढली. म्हटलं, जाऊ दे, वारा पुसेल.”

वाऱ्यानं पुसलं नाही. रात्रीच्या दवानं कडा बसल्या, खोटा ठसा सकाळपर्यंत खरा झाला. हे अंधुक उजेडात फाट्यावर आले, समोर टेकडीकडे जाणारा ताजा पंजा दिसला. नियमाप्रमाणे वाकले नाहीत. वळले. ओढ्याकडे.

मला वाटलं, झालं, एवढंच. पण दादा पुढे बोलला. “त्या संध्याकाळी भेकर ओरडत होतं. ओढ्यात. खूप वेळ ओरडत होतं. वाघीण खाली आहे हे मला माहीत होतं. गाड्यांना ती वाट बंद, पाहुण्यांना नेता येईना, म्हणून तर मी वर...” आणि तो थांबला. मान वळली, पाठीमागच्या रिकाम्या भिंतीकडे. मला काहीच ऐकू आलं नाही. पण कुठलं भेकर ते मला आता कळलं होतं.

मी देवाधर्माची बाई. तरी माझ्या तोंडून शिवी गेली. सख्ख्या भावाला, दिवसाढवळ्या. मग म्हटलं, “ऊठ. ऑफिसात चल.”

“आत्ता?”

“आत्ता.”

साहेब आता बदलले होते, तिथे एक तरुण मॅडम आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, जुनी फाईल मागवली, फोटोवरून दोनदा बोट फिरवलं. मग दादाला म्हणाल्या, “काका, सात वर्षं झालीत. मी हे लिहून घेतलं तर तुमचा बिल्ला जाईल, ही गेटवरची नोकरीही. पुढे चौकशी लागेल ती वेगळी. विचार करून सांगा.”

“लिहा,” दादा म्हणाला.

त्यांनी लिहिलं. दादानं सही केली. मी मॅडमना म्हटलं, “ह्यांच्याबद्दलचं तेवढं वाचून दाखवा.” त्यांनी वाचलं, ‘समोर ताजा ठसा दिसल्यामुळे नियमाप्रमाणे वाट बदलली.’ मी म्हटलं, “पुन्हा एकदा.” त्यांनी पुन्हा वाचलं. घाई केली नाही, देव त्यांचं भलं करो.

फोटो त्या बाईंना परत दिला. खरं काही सांगितलं नाही. त्यांच्या सासऱ्यांचा तो आनंद मी कशाला हिसकावून घेऊ?

घरी आलो तेव्हा दादा दारातच थांबला. मी आत जाऊन सासूबाईंच्या खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे बघून वळला?”

“हो आई. बघून वळले.”

“उगीच नाही गेला.”

“नाही.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. बाहेर दादाच्या खोकल्याचा आवाज आला. सासूबाई दाराकडे न बघता म्हणाल्या, “त्याला म्हणावं, माझ्यासमोर येऊ नकोस.” मी उठले, तशी त्यांनी माझा हात धरला. “पण उपाशी धाडू नकोस.”

मी ताट वाढून बाहेर पायरीवर नेऊन ठेवलं. त्याच्याजवळ बसले नाही. आजही बसत नाही, मला जमत नाही, आणि जमल्याचं सोंग देवासमोर करता येत नाही. ह्यांचं नाव पाटीवर लागलं. सासूबाई सकाळी काही विचारत नाहीत, दिवा लागला की हात जोडतात.

दादा रोज दुपारी येतो, पायरीवर जेवतो, ताट घासून ठेवतो. आमचं अंगण मातीचं आहे, कडेला फरशीचे चार-पाच तुकडे टाकलेत. तो लांब ढांगा टाकत त्या तुकड्यांवरूनच येतो आणि त्यांच्यावरूनच जातो. तो गेल्यावर मी बघते, मातीत त्याचं एकही पाऊल नसतं.