दीड पानाचा स्वयंपाक

मे 1974, एकादशी. उद्या लग्न. स्थळ : नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतला मांडव. हजर : चुलीपाशी महाराज, बुंदी पाडायला त्यांचे दोन सोबती, वधूपिता म्हणजे माझे थोरले दीर, कोठीची किल्ली कमरेला लावून मी, आणि चुलीपासून दहा हात लांब, ओल्या पोत्यावर ठेवलेल्या टोपलीत महाराजांची कुत्री चिमटी.

माझ्या वहीतली ही नोंद अजून तशीच आहे. नात्यात कुठलंही कार्य निघालं की कोठी, म्हणजे किराण्याची खोली, माझ्याकडे येते, कारण माझ्याजवळ सगळ्याच्या याद्या असतात. आणि स्वयंपाक महाराजांकडे जात असे, कारण जगातल्या साऱ्या संकटांपेक्षा ‘कमी पडणं’ या एकाच संकटाला इतका भिणारा आचारी नागपुरात दुसरा नव्हता. आग, पूर, चोरी यांचं त्यांना काही वाटत नसे. पण तिसऱ्या पंगतीला वरण पातळ करावं लागेल, अशी नुसती शंका आली तरी ते खांद्यावरच्या पंच्यानं कपाळ पुसायला लागत. किराण्याची यादी ते मला तोंडी सांगत, आणि सगळं दुप्पट सांगत. मी ते निम्मं लिहून घेत असे. मी निम्मं लिहिते हे त्यांना ठाऊक होतं, ते दुप्पट सांगतात हे मला ठाऊक होतं, आणि वीस वर्षांत दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही. कार्य मात्र दर वेळी बरोबर पार पडे.

शंभर पानांचं वरण ते डोळे मिटून करत. पाचशे पानांचा मठ्ठा नुसत्या वासावरून बेतत. त्यांना येत नसे तो एका माणसाचा स्वयंपाक. एकदा मी माहेरी गेले असताना आमच्या ह्यांना ताप आला, म्हणून महाराज आपणहोऊन पेज करायला आले. दोन दिवस अख्ख्या गल्लीनं पेज प्यायली, ताप नसलेल्यांनीसुद्धा. त्यांची बायको होती तोवर घरची चूल तीच सांभाळी, त्यामुळे घरापुरतं म्हणजे किती, हे शिकायची वेळच त्यांच्यावर आली नाही. ती गेल्यावर ते रोज संध्याकाळी स्वतःपुरती खिचडी टाकत आणि ती पंधरा माणसांची होई. मग पातेलं घेऊन दारोदार फिरत, “जरासं उरलं होतं,” म्हणत. पातेल्याच्या कडीचा आवाज ऐकल्याशिवाय आमच्या गल्लीत रात्रीचा भात कोणी चढवत नसे.

अशा माणसाच्या पदरात चिमटी पडली. सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबांच्या बंगल्यात त्यांनी लग्नाचा स्वयंपाक केला होता, तो त्या साहेबांच्या बाईंना फार आवडला. पुढे साहेबांची बदली लांब झाली, कुत्रीला नेणं जमेना, तेव्हा खाण्यापिण्याची आबाळ होणार नाही असं घर म्हणून बाईंनी महाराजांचं घर निवडलं. पॉमेरियन, आणि त्यातही अगदी लहान वाणाची. मी कोठीच्या तराजूवर स्वतः तोलली. दीड किलोला थोडी कमी भरली, आणि तोलताना पारड्यातून माझ्या वहीवर भुंकली. महाराजांनी तिचं नाव चिमटी ठेवलं, कारण त्यांच्या हातात त्याहून लहान माप नव्हतं.

बाईंनी सोबत एक कागद दिला होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. महाराजांना अक्षर येत नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे आला. मी वाचून दाखवलं : दिवसातून चार वेळा खायला, एका वेळी दोन मोठे चमचे. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही.

“वहिनी, कागद चुकला तुमचा,” ते म्हणाले. “दोन चमचे? एवढं तं मी चव पाह्यतानी खातो.”

मागची बाजू मी एकटीनंच वाचली आणि कागद वहीत ठेवून दिला.

पहिले चार दिवस त्यांनी चिमटीला रीतसर पंगत वाढली. पत्रावळ मांडली, मुदीवर तूप सोडलं, उजवीकडे भाजी, डावीकडे कोशिंबीर. चिमटी पत्रावळीवर चढून मधोमध उभी राहून जेवे, आणि महाराज समोर उकिडवे बसून आग्रह करत, “एक घास माह्यासाठी.” नकार कसा द्यायचा हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पाचव्या दिवशी ती लिंबासारखी गोल झाली, सगळं ओकली आणि कोपऱ्यात जाऊन पडली. महाराज तिला पंच्यात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, सोबत वही घेऊन मी. तिथल्या डॉक्टरांना बैल आणि म्हशी तपासायची सवय. त्यांनी चिमटीला तळहातावर घेतलं आणि आधी स्वतःचा चष्मा पुसला. मग त्यांनी सांगितलं ते मी उतरवून घेतलं : तूप बंद, गोड बंद, कांदा-मिरची बंद, पोट एवढंसं आहे म्हणून थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा, आणि रोज अर्धं उकडलेलं अंडं.

महाराज माळकरी होते. अंडं हा शब्दही त्यांच्या तोंडून निघत नसे. त्यांनी अंगणाच्या टोकाला तीन विटांची वेगळी चूल मांडली, अंड्याचं नाव ‘पांढरा आलू’ ठेवलं, आणि तो शिजेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं आकडे मोजत. गल्लीतली मुलं त्यांच्यासोबत मोजत. उरलेलं अर्धं अंडं कोणाला द्यायचं हा रोजचा प्रश्न मी सोडवला : ते आमच्या मांजराला.

खिचडीचा प्रश्न मात्र मोठा होता. महाराजांना शंभर पानांचं प्रमाण पाठ, त्याखालचं काहीच नाही. शेवटी मी पाटी घेऊन बसले आणि त्रैराशिक मांडलं. तांदूळ इतका, डाळ इतकी, चिमटीच्या एका वेळेला किती? ते प्रत्येक उत्तर ऐकून हळहळत होते. मिठापुढे मी शून्य मांडलं, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. “काईच नाही उरलं मिठाले?” मी सांगितलं, तिला मीठ लागतच नाही. दुसऱ्या दिवशी तांबटाकडून त्यांनी एक पितळेची वाटी घडवून आणली, बरोबर दोन चमच्यांची, आतून कल्हई केलेली. त्यांच्या हंडे-घंगाळांच्या रांगेत ती शेवटी बसे, मोठ्यांच्या पंगतीत पोर बसल्यासारखी.

सगळं सुरळीत झालं, फक्त एकादशी राहिली. महाराज एकादशीला पाण्याशिवाय काही घेत नसत, आणि आपल्या घरात राहणाऱ्या जिवालाही पुण्य मिळावं असं त्यांच्या मनात. चिमटीला त्या दिवशी साबुदाण्याचे चार दाणे मिळत. मी वाद घातला नाही. आमच्या घरी कोणाचीच एकादशी नसते. महाराज देवळात गेले की मी वाटीभर मऊ भात त्यांच्या ओट्यावर ठेवत असे आणि वाटी धुऊन जागेवर. हे काम माझ्या यादीत दर पंधरवड्याला नेमानं असे. नोंद फक्त ‘ओटा’ एवढीच, कारण वही कोणाच्याही हातात पडते.

आता त्या मेमधल्या एकादशीकडे येते. पुतणीचं लग्न, त्यामुळे माझी यादी चार पानं भरली होती. हारवाला, बर्फ, पत्रावळींचे गठ्ठे, वरपक्षाच्या जानोशाच्या खोलीतले माठ. त्या चार पानांत ‘ओटा’ नव्हता. महाराज पहाटेपासून मांडवात, चिमटी टोपलीत, आणि ऊन असं की बर्फाची लादी पोत्यातच निम्मी झाली.

दुपारी चारच्या सुमारास लाडवांचा पाक चढला. पाकाला दुसऱ्याचा हात लागायचा नाही हा महाराजांचा नियम, म्हणून दोघे सोबती झारे धरून नुसते उभे होते. महाराजांनी ताटलीत थेंब काढला, बोटांत तार पाहिली, आणि आता उतरवणार तेवढ्यात मी कोठीच्या दारातून हाक मारली. चिमटी टोपलीत आडवी झाली होती. चारही पाय ताठ, अंग थरथरत होतं, डोळे वर गेलेले.

महाराज ताटली हातात घेऊनच धावले. चुलीवर पाक, पाकाखाली जाळ, आणि पाक काही कोणासाठी थांबत नाही. मला एकदम त्या कागदाची मागची बाजू आठवली.

“हिला गोड चाटवा,” मी म्हणाले. “हिरड्यांना लावा.”

“डागदरनं गोड बंद केलं न.”

“उपाशी पोटी थरथरली तर गोडच द्यायचं. मागे लिहिलंय.”

त्यांनी ताटलीतला निवलेला पाक बोटावर घेतला. ज्या बोटानं ते पाचशे माणसांची तार पाहत, ते त्या ओठांच्या आत मावेना. करंगळी घातली. हळूहळू चोळत राहिले. मागून सोबत्यांपैकी एक ओरडला, महाराज, पाक चालला. त्यांनी मान वळवली नाही. दीर आले, त्यांनी काहीतरी विचारलं, तरी करंगळी फिरतच राहिली. मी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली : हातातली वही खाली मातीत ठेवली आणि पदरानं वारा घालत बसले.

बऱ्याच वेळानं करंगळीला जिभेचा स्पर्श झाला असावा, कारण महाराजांचा हात थांबला. चिमटीनं एकदा चाटलं. मग दुसऱ्यांदा. मग उठून बसली आणि ताटली शोधू लागली.

पाक तोवर गोळीबंद झाला होता. नवीन पाकाला साखर होती, पण बुंदी सगळी आधीच्या पाकात सोबत्यांनी घाबरून ओतून टाकली होती. दुसऱ्या दिवशी पंगतीत लाडू फुटेना. वरपक्षाच्या एका काकांनी तो पाटाच्या कडेवर आपटून फोडला आणि तुकडा शेजाऱ्याच्या ताकात गेला. महाराज प्रत्येक रांगेपुढे हात जोडून उभे राहत आणि सांगत की हा लाडू माझ्या हातानं बिघडला, साखरेचा किंवा यजमानांचा दोष नाही. लोक हसले, काहींनी दोन-दोन मागून घेतले. दीर मात्र चार महिने त्यांच्याशी बोलले नाहीत.

पण त्याआधी, एकादशीच्याच संध्याकाळी, महाराज कोठीच्या उंबऱ्यावर येऊन बसले. मांडीवर चिमटी, पोट भरून झोपलेली. मी यादीत खुणा करत होते.

“काहून जी वहिनी,” त्यांनी विचारलं, “आज तुमी भात नाही टाकला तिले?”

त्यांना हे कसं ठाऊक, ते मी विचारलंसुद्धा नाही. त्यांनीच सांगितलं की दर एकादशीला देवळातून आल्यावर तिच्या मिशीला शीत लागलेलं असे, आणि ते काही साबुदाण्याचं नसे.

“मले वाटे, वहिनी हायत न. म्हणून मी बिनघोर राहो,” ते म्हणाले. “एकादशी माही होती जी. पोट तं तिचं होतं. माह्या चुलीपाशी कोणी उपाशी राह्यलं, हे पह्यल्यांदा झालं.”

माझ्याही यादीत राहिलं ते पहिल्यांदाच, असं मी म्हणाले. दोघांनी तेवढ्यावर ते मिटवलं.

त्यानंतर किती का मोठं कार्य असेना, चुलीवरून पहिला उतरे तो वाटीभर मऊ भात. तो टोपलीपाशी गेल्याशिवाय देवाचा नैवेद्यसुद्धा निघत नसे. एकादशीला महाराज स्वतः उपाशी राहत आणि तिला चार वेळा आपल्या हातानं भरवत. वर्षं गेली. चिमटीचे दात पडले, महाराजांचेही. ती खिचडी मऊ खाऊ लागली, तेही. वेगळी दोन पातेली कशाला, म्हणून ते एकाच लहान पातेल्यात दोघांचं शिजवू लागले, वाटीभर काढून ठेवायचं आणि मग आपल्यापुरतं मीठ घालायचं. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी कडीचा आवाज येत नाही. काही उरतच नव्हतं. गल्लीतल्या बायका वेळेवर भात चढवू लागल्या. महाराजांनी हे मला मोठ्या अभिमानानं सांगितलं, “दीड पानाचं जमलं आता.”

तीन वर्षांपूर्वी चिमटी गेली, म्हातारपणानं, सकाळची वाटी चाटून झाल्यावर. आठ दिवसांनी संध्याकाळी कडी वाजली. दारात महाराज, हातात जुनं मोठं पातेलं, काठोकाठ भरलेलं. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, “दीडाचं जमे. एकाचं नाही जमत.”

पुढे भाचा त्यांना उमरेडला घेऊन गेला. त्याच्या घरी अकरा माणसं आहेत, त्यामुळे काळजी नाही. जाताना त्यांनी हंडे-घंगाळं विकली आणि वाटी माझ्याकडे दिली. नऊ वर्षं चाटून चाटून तिच्या तळाची कल्हई गेली होती, पितळ उघडं पडलं होतं. तुमच्या गल्लीत कल्हईवाला येतो, म्हणाले, करून ठेवा, मी घ्यायला येतो. दर दिवाळीला भाच्याच्या अक्षरात त्यांचं कार्ड येतं. खालची ओळ ठरलेली : वाटी झाली का, झाली की येतो. मी दर वेळी कळवते की अजून नाही. पाय आता चालत नाहीत असंही भाच्यानं मागच्या कार्डात कोपऱ्यात लिहिलं होतं, बारीक अक्षरात.

कल्हईवाला गेल्या महिन्यात दोनदा ओरडून गेला. मी ऐकून आत वाल निवडत बसले. वाटी झाली की त्यांनी यायला हवं, आणि पाय तर चालत नाहीत. आजची यादी : दळण, विजेचं बिल, दिरांकडे फोन, उमरेडला कार्ड. वाटीला कल्हई, राहिली.