ब्रेकबाईंनी न उघडलेलं दार

ड्रायव्हिंग स्कूलमधली पोरं त्यांना तोंडावर मॅडम आणि पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असे. तो कधी दाबायचा आणि शिकणाऱ्याला कधी घाम फुटू द्यायचा, हे त्यांना बरोबर कळे. सवय इतकी अंगात भिनली होती, की घरी कुणी थाप मारली तरी त्यांचा उजवा पाय फरशीवर रुतायचा.

लेकीने त्यांच्याच घरावर सिनेमा काढला. पोरगी वयात येते, बाप घर सोडून जातो, आई गाडी शिकवून संसार ओढते, अशी गोष्ट. पहिल्या खेळाला लेक आईला शेजारी घेऊन बसली. मागे बापही होता. त्याला लेकीनेच बोलावलं होतं, पण हे आईला सांगायची तिची छाती झाली नव्हती.

अर्धा सिनेमा ब्रेकबाईंनी डोळ्यांत प्राण आणून पाहिला. पोरगी नापास झाल्याचं लपवते आणि आई सगळं कळूनही मुकाट्याने तिला जेवायला वाढते, तिथे तर त्यांना भरून आलं. मग शेवटी बाप परत आला. घंटा वाजली. पडद्यावरच्या आईने दार उघडलं, डोळे पुसले आणि तिघं एका टेबलाशी जेवायला बसली. थिएटरभर हुंदके. ब्रेकबाईंचा पाय फरशीवर रुतला. लेकीने तो पाहिला आणि मान खाली घातली.

दिवे लागले. बाप डोळे पुसत आधीच बाहेर सटकला. कुणीतरी कौतुकाने ब्रेकबाईंच्या हातात माईक दिला. आता भोगा म्हणावं.

“सिनेमा झकास झालाय,” त्या म्हणाल्या. “लेकीचा म्हणून नाही सांगत. वाईट असता तर घरी नेऊन कान उपटले असते. पोरगी खोटं बोलते, उलट बोलते, तरी तिचा राग येत नाही. हे सोपं नाही. पण यातली आई फार रडते. मी काय रडले नाही? रडले, पण भांडी घासताना, नळ सोडून. खिडकीत उभं राहून नाही!”

लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

“आणि शेवट खोटा आहे. हा परत आला तेव्हा मी दार उघडलं नव्हतं. सासरी मान तुकवली, स्कूलच्या मालकापुढे तुकवली. आयुष्यात एवढं एकच दार माझ्या हिमतीवर बंद ठेवलं. तेही उघडून टाकलंत, तर माझं म्हणून उरलं काय?”

घरी येताना लेक गाडी चालवत होती. “सगळ्यांसमोर माझं नाक कापलंस, आई.”

“मग काय माझं कापून घेऊ?”

“मला बाबा हवे होते गं. तेव्हाही, आताही.”

ब्रेकबाईंना वाईट वाटलं. पण त्या मऊ पडल्या नाहीत. “मग भेट की! मी कधी अडवलं? फक्त त्याला घरात घ्यायला माझा हात वापरू नकोस.”

त्याच दुपारी खरोखरच घंटा वाजली. “अगं, सिनेमा पाहिला!” बाहेरून बापाचा गदगदलेला आवाज आला. “तुझं मन कळलं मला. उघड, आलोय मी.”

ब्रेकबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. पाय मात्र फरशीत घट्ट रुतला होता. लेक उठली, दाराशी गेली. तिने कडीवर हात ठेवला, पण ती काढली नाही.

“बाबा,” ती आतूनच म्हणाली, “तो शेवट माझ्या मनातला होता. आईच्या नाही. तुम्ही खाली थांबा, मी येते.”

मग पावलं जिना उतरू लागली. ती पार खाली पोचेपर्यंत लेक थांबली. मगच तिने कडी काढली, बाहेर पडली, दार ओढून घेतलं, आणि ते नीट लागलंय ना, हे बाहेरून एकदा ढकलून पाहिलं.