बावीस देशांची हजेरी

बोदवडच्या अभिमन सरांनी युरोप पाहिला तो भिंतीवरच्या नकाशात. त्यांची सगळ्यात लांबची सफर म्हणजे सुरत, तीही मावसभावाच्या हळदीला, आणि तिथे चप्पल हरवली म्हणून परत आले ते अनवाणी. पण जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर ‘युरोपचं राजकारण आणि व्यापार’ शिकवायला उभा राहिला, की गडी असा रंगायचा, जणू बर्लिन म्हणजे भुसावळच्या पुढचं स्टेशन.

त्यांची एक रीत होती, मोठी गमतीची. वर्गात पोरं बावीस, त्यांना बावीस देश वाटून दिलेले. हितेंद्र जर्मनी, मयुरी फ्रान्स. सातपुड्याच्या पायथ्याहून आलेली, पहिले दोन महिने तोंड न उघडलेली रोशनी पोर्तुगाल. बबलूला ब्रिटन दिला, तर पठ्ठ्याने युरोपीय महासंघातून बाहेर पडायचं म्हणून बाक उचलून खिडकीशी नेला आणि वर्षभर तिथेच बसला. हजेरी देशाच्या नावाने, भांडणं देशाच्या नावाने, अन् चाचणीच्या कागदावर उजव्या कोपऱ्यातही देशच लिहायचा. रावेरची केळी फ्रान्सने घ्यायची की नाही, यावर एकदा एवढी हुज्जत झाली की शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या. त्या दिवशी रोशनी पहिल्यांदा बोलली, पोर्तुगालच्या वतीने. सरांनी घरी जाऊन बायकोला, लताबाईंना, ते तीनदा सांगितलं. लताबाई म्हणाल्या, आता पोर्तुगालला जेवायला तरी बोलवा.

फेब्रुवारीत प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मुलांचे अभिप्राय घेऊ, म्हणाले; बरे आले तर विषय पुढच्या वर्षी चालू, नाहीतर बंद. विषय बंद म्हणजे सरही बंद, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. सर मात्र निर्धास्त. आपलीच तर पोरं.

शुक्रवारी, सर बाहेर असताना, पोरांकडून कागद भरून घेतले. नाव लिहायचं नाही, अशी सक्त ताकीद. आणि रविवारी हितेंद्रच्या शेतावर भरिताचा बेत. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. सरांना मधोमध बसवलं. हितेंद्रने सगळ्यांसमोर सांगितलं की असा विषय आणि असे सर जन्मात मिळायचे नाहीत. रोशनीने पुन्हा पुन्हा वाढलं, ‘पोर्तुगालकडून’ म्हणत. सरांचे डोळे भरून आले, ते त्यांनी मिरचीवर ढकललं.

सोमवारी शिपाई सुपडूभाऊ, मूळचे धुळ्याकडचे, कागदांचा गठ्ठा घेऊन आले. नजर वर केली नाही. “सर, घर जाईसन वाचा,” एवढंच म्हणाले.

सरांना कुठला दम निघतो? जिन्यातच वाचायला बसले. नावं नव्हतीच. पण वर्षभराची सवय हातात भिनलेली. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात देश होता.

जर्मनी म्हणत होता, या विषयाचा काही उपयोग नाही, त्याऐवजी शेअर बाजार शिकवावा. फ्रान्स तेच म्हणत होता, शब्दाला शब्द. इटली तेच, पोलंड तेच, खिडकीजवळचा ब्रिटनही या एका बाबतीत महासंघात परत आलेला. म्हणजे ठरवून लिहिलेलं. शुक्रवारी लिहून, रविवारी भरीत वाढलेलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

पोर्तुगालचा कागद सगळ्यात खाली होता. ‘सर खेळ छान घेतात. पण आम्हाला युरोपात कोण नेणार? वर्ष वाया गेलं.’ ते मात्र कुणाचं बघून लिहिलेलं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. म्हणून तेच सगळ्यात खोल गेलं.

मंगळवारी शेवटचा तास. सरांनी नकाशा उलगडला नाही. हजेरीपट उघडला.

“हितेंद्र.”

जर्मनीला क्षणभर कळलंच नाही की हाक आपल्याला आहे. मग तो हजर म्हणाला, आणि कागदाच्या कोपऱ्यात आपण काय लिहून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण खाली गेलेली मान पुन्हा वर आली नाही. मयुरी. बबलू. एकेक आवाज आधीच्यापेक्षा बारीक होत गेला.

“रोशनी.”

ती उभी राहिली. हजर म्हणाली नाही.

“सर, पोर्तुगाल म्हणा ना.”

सरांनी तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.