हलवलेली बाटली

माझ्या डिझेल जीपच्या इंजिनाशेजारी तांब्याएवढा एक डबा बसवलेला आहे. त्याला ऑईल कॅच कॅन म्हणतात. इंजिनातली जी वाफ पुन्हा हवेच्या नळीकडे खेचली जाते, तिच्यातलं तेल हा डबा वाटेत अडवतो. तेलाबरोबर पाणी, काजळी आणि न जळालेलं डिझेलही त्यात साठतं. जुन्नरच्या ज्या मिस्त्रींनी तो बसवला, त्यांनी तेव्हाच बजावलं होतं, "उन्हाळ्यात महिन्यानं रिकामा करा, थंडीत पंधरा दिवसांनी. थंडीत पाणी जास्त जमतं. निघेल ते माझ्याकडे आणा. दिसायला तेल आहे, पण कशातच घालायचं नाही."

मी नेम पाळला. अवसरीतल्या घरासमोर जीप उभी करायची, इंजिन निवू द्यायचं, डब्याखाली नरसाळं लावलेली पाण्याची बाटली धरायची आणि तळाची तोटी अर्धा फेरा फिरवायची. थंडीत दूध जास्त झालेल्या कॉफीच्या रंगाचं काहीतरी बाहेर येतं. धार थांबली की तोटी बंद करून फडक्यानं पुसायची आणि खालून बोट फिरवून गळती पाहायची. दहा मिनिटांचं काम आहे.

शेजारच्या आबांच्या गोठ्यात दोन गाई आणि त्यांचा चारा बारीक कापणारी विजेवरची कडबाकुट्टी आहे. तिच्या गिअरमध्ये घालायला त्यांनी माझ्याकडे गाडीचं जुनं ऑईल तीनदा मागितलं होतं. तिन्ही वेळा सर्व्हिसिंगनंतर ते मी गॅरेजमध्येच विसरून आलो. त्यांच्या घरून मेथी, कांदा, चीक न मागता येत असे. मी पेपराचा बातमीदार. चौथ्यांदा त्यांनी ओट्यावर बसलेल्या माणसांसमोर विचारलं, "काय राव, तुमचं जळकं ऑईल बी पेपरात छापता का काय?" सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या रविवारी मी डबा रिकामा करत असताना आबा कुंपणाशी आले. जुन्नरला न्यायची बाटली जवळजवळ भरली होती. तळाशी चार बोटं पाणी वेगळं दिसत होतं. मी बूच लावलं, बाटली हलवली आणि त्यांच्या हातात दिली.

"चांगलं हाय ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी कडबाकुट्टी जाम झाली. आबांनी गिअरचं झाकण उघडलं, तर आत गंज आणि तपकिरी चिखल. सकाळची वेळ होती. डेअरीवर दूध घालून परतणारे दोघे-तिघे बघायला थांबले, मीही गेलो. आबा सुनेला म्हणाले, "ताडपत्री टाक म्हणून किती येळा सांगितलं तुला? दव पिऊन बसली मशीन."

"रोज टाकत व्हते, आबा."

"मग पाणी काय मी वतलं?"

थांबलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "मोबाईलमधी ध्यान असल्यावर ताडपत्री कशी दिसायची?" आबा माझ्याकडे वळले. "तुमीच सांगा भाऊ, गिअरात आपोआप पाणी येतं का?"

मी म्हणालो, "यंदा दव फार पडतंय."

वाक्य खरं होतं. त्या थंडीत दव फार पडत होतं आणि तशी बातमीही मी दिली होती. पण त्या अंगणात ते वाक्य एका बाईविरुद्धची साक्ष ठरलं. मी घरात निघून गेलो.

मशीन दुरुस्तीला मंचरला गेली. रोज सकाळी सून कोयत्यानं कडबा तोडू लागली. ओंडक्यावर पडणारा तो आवाज माझ्या टेबलापर्यंत येई. तो येऊ नये म्हणून मी खिडकी लावत असे. सांगायला रोज जमलं असतं. पाच दिवस मी सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी ती दारात आली. हातात माझीच बाटली होती, तळाला थोडं उरलेलं. तिनं ती दोन्ही हातांनी सरळ धरली होती. वर काळं तेल, खाली गढूळ पाणी, मध्ये स्पष्ट रेघ.

"भाऊ, तुमची बाटली."

"आबांना दाखवली?"

"नाय. तुमी दाखवा."

ती गेली. मी बाटली तशीच सरळ धरून पलीकडे गेलो. आबा गोठ्यात एकटेच होते. हे ऑईल नव्हतं, मला माहीत होतं, मिस्त्रींनी सांगितलं होतं, असं सगळं मी क्रमानं सांगितलं. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"दिली तवा अशी नव्हती दिसत."

"हलवली होती."

"मुद्दाम?"

"हो."

त्यांनी बाटली जमिनीवर ठेवली. मग ओंडक्यावरचा कोयता उचलला, बसले आणि स्वतः कडबा तोडू लागले. मी बाटली उचलून परत आलो. ती पुढच्या खेपेला मिस्त्रींकडे पोचवली.

मशीन दुरुस्त होऊन आली आहे. मी डबा अजूनही वेळच्या वेळी रिकामा करतो. मेथीची जुडी आता येत नाही. सुनेला बोलणी बसली तेव्हा डेअरीवरून आलेली माणसं हजर होती. मी कबुली दिली तेव्हा गोठ्यात आबांशिवाय कोणी नव्हतं. ती माणसं मला रोज सकाळी रस्त्यात भेटतात. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.