सरपंच वाचायला लागले

डोळे शाबूत होते तोवर सरपंचांनी एकही पुस्तक वाचलं नव्हतं, आणि हे ते फुशारकीनं सांगत. "डोळं व्हतं तवा दोनच गोष्टी वाचल्या. सातबारा आन् लग्नाच्या पत्रिका." साठी उलटल्यावर साखरेच्या आजारानं त्यांची दृष्टी नेली. घरात बसून बसून जीव कावला, तेव्हा मुलानं त्यांना गाडीत घातलं आणि कासारवाडी स्टेशनाजवळच्या आमच्या वाचनालयात आणून सोडलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अंधांसाठी एक खोली आहे. तिथे ब्रेलचे जाडजूड खंड आहेत, आवाजात भरलेली पुस्तकं आहेत, आणि शनिवारी दुपारी वाचून दाखवायला रेवती येते. ती माणच्या एका आयटी कंपनीत काम करते. मी जन्मापासून आंधळी. लहानपणापासून बोटांनी वाचत आलेली. त्यामुळे त्या खोलीवर माझा हक्क आहे, असं मी धरूनच चालले होते. सरपंच पहिल्या दिवशी आत आले, काठीनं खुर्ची चाचपली आणि म्हणाले, "कोन बसलंय हितं? लेकी, वाईच सरक."

मी सरकले. रेवतीच्या शेजारची ती खुर्ची त्या दिवसापासून त्यांची झाली.

खरं म्हणजे ते कधीच सरपंच नव्हते. चाकणच्या अलीकडच्या गावात निवडणुकीला उभे राहिले होते आणि पडले होते. गावानं थट्टेनं नाव दिलं, ते चिकटलं, आणि पुढे पुढे त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असावं. कुठेही बसले की सभा भरवल्यासारखे बसत. जमिनी कंपन्यांना गेलेल्या, राहिलेल्या जागेवर खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या. मी लातूरकडची. वडील चाकणला फिटर म्हणून आले, म्हणून आम्ही काळेवाडीत. बँकेत टेलिफोनवर बसते, आणि शनिवारी दोन बस बदलून वाचनालयात जाते. सरपंच मात्र दारापर्यंत गाडीनं येत आणि वर येऊन विचारत, "लातूरकर आल्या का न्हाई?" गाडीचा मला हेवा वाटायचा, नाही असं नाही. पण तो वरवरचा होता.

खरा हेवा रेवतीपासून सुरू झाला. त्याआधी दोन वर्षं ती मला एकटीलाच वाचून दाखवत होती. मी मान खाली घालून ऐकायची, ती वाचायची, वेळ संपली की "येते गं" म्हणून जायची. सरपंचांना गप्प बसून ऐकणं माहीतच नव्हतं. चार ओळी झाल्या की काठी आपटायचे. "थांब. ह्या बाईनं लुगडं कंच्या रंगाचं नेसलंय?"

"ते लिहिलं नाहीये, सरपंच."

"मंग लिवनाऱ्यानं बघितलं न्हाई तिला नीट. आरं, परक्याच्या घरात भांडायला चाललीय बाई. साधं लुगडं नेसून जाईल व्हय?"

रेवती खळखळून हसली. दोन वर्षांत मी तिचं ते हसणं एकदाही ऐकलं नव्हतं. मला वाटत होतं की ती शांत स्वभावाची आहे.

पुस्तकाबद्दल त्यांचं एक ठरलेलं मत होतं. "दुसऱ्याच्या घरातलं भांडान ऐकायला कुनाला आवडत न्हाई? बुकात निसतं तेच आसतं. आन् कुनी 'का ऐकतूस' म्हनत न्हाई." यावर मी एकदा म्हणाले की साहित्य म्हणजे एवढंच नसतं. ते म्हणाले, "आसंल, आसंल," आणि रेवतीला पुढे वाचायला सांगितलं. मी बरोबर होते. पण ऐकायला मजा त्यांच्या बोलण्याला होती, हे मलाही कळत होतं.

एकदा पुस्तकात कोवळ्या पोपटी शेताचं वर्णन आलं. सरपंच एकदम हळू झाले. "व्हय," म्हणाले, "निव्वळ हिरवं न्हवं. वाईच पिवळं मारतंय. उनाच्या बाजूनं बघितलं तर आरपार दिसतंय पातं." रेवती म्हणाली, "अगदी असंच, अगदी असंच!" मग ती दोघं बराच वेळ त्या पात्याबद्दल बोलत राहिली. मी शेजारी बसले होते. त्या खोलीत आंधळे दोघं आणि डोळस एक, असा माझा हिशेब होता. त्या दिवशी कळलं की पाहिलेली दोघं आहेत आणि न पाहिलेली मी एकटी. घरी येऊन आईला विचारलं, पोपटी म्हणजे कसा गं? ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पोपटावाणी असतंय की." मी पोपटालाही कधी हात लावला नव्हता.

पुढे ठिणगी पडली ती एका पुस्तकावरून. मला हवं असलेलं एक प्रवासवर्णन रेवतीनं आवाजात भरावं, म्हणून मी कधीची तिच्या मागे लागले होते. "बघू गं, सवड नाही" असं चाललं होतं. आणि एका शनिवारी कळलं की तिनं सरपंचांसाठी एक भलीमोठी कादंबरी सबंध वाचून भरून दिली आहे. मी तिला जिन्यात गाठलं.

"त्यांना सवड मिळाली, मला नाही?"

"अगं, त्यांना ब्रेल येत नाही. ऐकण्याशिवाय त्यांच्याकडे काय आहे? तुला निदान बोटं आहेत."

मला बोटं होती. ज्या गोष्टीचा जन्मभर अभिमान बाळगला, तिच्यामुळेच मी रांगेत मागे गेले होते.

त्यानंतर मी खोलीत जायची, पण कोपऱ्यात बसून स्वतःचं स्वतः वाचायची. एकदा रेवती यायची होती, खोलीत आम्ही दोघंच. सरपंच म्हणाले, "कानातल्या यंत्रात कसला खरखर आवाज येतोय? उंदीर हाय काय?"

"मी वाचतेय."

"एकलीच?"

"हो."

ते म्हणाले, "म्हंजे तू काय वाचतीस ते कुनालाच कळत न्हाई."

"नाही."

"आन् वाटलं तर थांबतीस. मागं जातीस. पुन्यांदा वाचतीस."

"हो."

"आयला," सरपंच म्हणाले. मग खुर्ची माझ्याकडे ओढून सांगायला लागले. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. पुस्तक लावलं की कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं, म्हणून ते काढून पुस्तक मोठ्यानं लावावं लागे आणि अख्खं घर ते ऐके. प्रेमाचा प्रसंग आला की सून भांडी आपटायला लागायची. "माझं मला बुक न्हाई गं. सगळ्या भाडेकरूंना ठावं आसतं, म्हातारा आज कुटवर आला." त्यांच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण गेले कित्येक महिने मी स्वतः तेच बाळगून होते. सरपंचांना माझा हेवा वाटत होता. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

"शिकीव मला," ते म्हणाले.

मी शिकवायला लागले. पण त्यांची बोटं औतानं आणि कामानं घट्टे पडलेली, त्यात साखरेनं बधिर झालेली. ठिपक्यांवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "मला निसता कागद लागतोय." मी पुठ्ठ्यावर मुगाचे दाणे चिकटवून अक्षरं करून नेली. ती त्यांना कळत. कागदावरची काही केल्या कळत नसत. ते चिडायचे, शिव्या द्यायचे, दुसऱ्या शनिवारी पुन्हा यायचे. त्यांचं बोट चुकलं की माझ्या पोटात कुठेतरी गार वाटायचं. सगळंच यांना कसं मिळेल, असं मनात यायचं. पण कान झपाट्यानं जात होते. रेवती ओरडून वाचायला लागली. एकदा ते तिला म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. तू आरडतीस तवा पिरमाचं बोलनं बी भांडनावानी वाटतंय." तिनं पुस्तक मिटलं आणि उठून खिडकीशी गेली. त्या दिवसानंतर मला ते गार वाटणं बंद झालं.

एका शनिवारी ते असेच वैतागले, कागद उचलला आणि तोंडाला लावला. मला वाटलं फाडतायत. म्हणाले, "वासराला ताप हाय का, ते आमी हातानं बघत न्हाई. हात मेल्याला आसतो. आमी व्हट लावून बघतो." कागद ओठावरून सरकवत राहिले. मग थांबले. "हे 'म' हाय."

'म'च होतं.

पण मिशी आड येत होती. झुपकेदार, पीळ दिलेली मिशी. पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा रेवतीच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. सरपंचांनी माझा हात धरून स्वतःच्या ओठावर ठेवला. गुळगुळीत. आमच्याकडे असल्या घरातला माणूस मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर. त्यांचा बाप तर कधीच गेलेला. "भावकीतली मान्सं भेटाया आली," ते सांगत होते. "म्हनली, कोन गेलं? म्या म्हनलं, कोन बी न्हाई. मिशीच गेली." पोरगा दोन दिवस बोलला नाही म्हणाले. मी माझ्या वाचण्यासाठी काय दिलं असतं, असा विचार बसमध्ये करत होते. काही सुचलं नाही. मला ते फुकट मिळालं होतं.

ते ओठांनी वाचायला लागले. हळू, एकेक शब्द, मध्येच पुटपुटत. इतर वाचकांनी कुरकुर केली की पुस्तकं ओली होतात, तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्यांचे खंड वेगळ्या कप्प्यात ठेवले. बातमी फुटली आणि एका वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला आला. सरपंच ऐटीत बसले. तो मला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला होता का? मध्ये येताय." बातमी बँकेतल्या शिपायानं मला वाचून दाखवली. त्यात मी 'एक भगिनी' होते. मी इतकी वर्षं वाचत आले, तेव्हा कुणी कॅमेरा आणला नव्हता. या माणसानं वाचायला काय घेतलं, तेही माझ्याकडूनच शिकून, आणि गाव गोळा झालं! तो आठवडाभर मी त्यांच्यावर मनातल्या मनात जळत होते.

नंतर कान पूर्ण गेले. आता त्यांच्याशी बोलायचं तर एकच मार्ग होता. मी ब्रेलच्या पाटीवर कागद लावून टोचणीनं ओळ उठवायची, ते ती ओठांवर फिरवायचे आणि तोंडानं उत्तर द्यायचे, भलत्याच मोठ्यानं. त्यांच्या शेजारी बसणं मग माझ्याकडे आलं. रेवती पलीकडे बसून विचारायची, "काय लिहिलंस? सांग ना. त्यांना विचार, जेवले का?" आणि मी तिचा प्रश्न लिहिण्याआधी माझे दोन लिहून घ्यायची. एकदा ती जराशी रागावून म्हणाली, "तुमचं दोघांचंच चालतं हल्ली." ते वाक्य मी घरी जाईपर्यंत गोळीसारखं चघळलं.

त्याच दिवसांत मी त्यांना लिहून विचारलं, पोपटी रंग आठवतो का? त्यांनी कागद दोनदा ओठांवरून नेला. "आता हिरवा आन् पिवळा येगळा करता येत न्हाई, मास्तरीनबाई," ते म्हणाले. 'लातूरकर' म्हणायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. "आठवाया गेलं की निसतं ऊन लागतं अंगाला." मला वाईट वाटलं. आणि ज्याच्यासाठी इतकी जळले ते त्यांच्याकडेही उरलं नाही, म्हणून थोडं हलकंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं. त्यातलं कुठलं मोठं, ते मला सांगता येणार नाही.

ते गेले थंडीत. हृदय बंद पडलं, दुपारी, घरीच. मुलगा पुस्तकं परत द्यायला आला. तो माझ्याशी कधी फारसं बोलला नव्हता. खंड टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, शेवटी शेवटी जेवायला सुदिक उठायचं न्हाईत. आमी म्हनायचो, आबा, तोंडातनं बुक काढा." मग घसा खाकरून जिना उतरून गेला.

ग्रंथपालबाई म्हणाल्या की यातला कादंबरीचा एक खंड रद्द करावा लागेल, बघ जरा. मी पानांवरून बोटं फिरवली. इतर ठिकाणी ठिपके होते, थोडे दबलेले, पण लागत होते. मध्ये काही पानं मात्र सपाट. ओलाव्यानं आणि पुन्हा पुन्हा ओठ फिरवून तिथले ठिपके पार बसून गेले होते. नुसता कागद. त्यांना सगळ्यात जास्त आवडलेली जागा तीच असणार, आणि ती त्यांनी माझ्यासाठी ठेवली नव्हती.

त्या कादंबरीची छापील प्रत खालच्या मजल्यावर होती. रेवती ती घेऊन आली. सपाट पानांच्या आधीची ओळ मी बोटांनी वाचून सांगितली, तिनं जागा शोधली, आणि गप्प झाली. डोळ्यांनी वाचत होती. पान उलटलं. मध्येच हसली, तेच खळखळून. मग बराच वेळ नुसती नाक ओढत राहिली.

"वाचू?" तिनं विचारलं.

"नको."

"अगं, पण ऐक तरी, इतकं..."

"नको म्हटलं ना."

तिनं पुस्तक मिटलं. आम्ही खाली चहाला गेलो. ती मेट्रोच्या गर्दीबद्दल, ऑफिसबद्दल बोलत राहिली आणि मी हं-हं करत राहिले. त्या पानांत काय आहे ते सरपंचांना ठाऊक होतं, रेवतीला ठाऊक आहे. दर शनिवारी बसमध्ये मी ठरवते की आज विचारायचं. मग ती येते, शेजारी बसते, "आज काय वाचू?" म्हणते, आणि मी दुसरंच काहीतरी पुस्तक सांगते.