बॅनरवरचे गोरे नाना

मंडळी, दुपारपासून नुसती शिसारी आलीय.

पालीचे नाना म्हणजे आमच्या भागातले जुने फोटोग्राफर. स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कुणी पावडर थापून आली की म्हणायचे, "बाय, तोंड धुवून ये गो. तुझा रंग मी बदलणार नाय." माझ्या काळ्यासावळ्या आईचा फोटोही त्यांनीच काढलेला.

आज रत्नागिरीत त्यांचा सत्कार होता. बॅनरसाठी त्यांचा फोटो मी काढून दिला होता. हॉलमध्ये शिरले तर बॅनरवर नाना दुधासारखे गोरे! सुरकुत्यासुद्धा गायब.

मी भडकले, तर आयोजक हसत म्हणाले, "अगो, जरा उजळ केला. स्टेजवर काळं बरं दिसत नाय."

नानांनी ते ऐकलं. शाल आली तेव्हा त्यांनी बॅनरकडे बोट दाखवलं. "सत्कार ह्याचा ना? मग शाल ह्यालाच घाला." आणि खाली उतरून सरळ पालीची एसटी पकडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनोद वाटला!

मगाशी घरी येऊन मी माझा प्रोफाइल फोटो काढून टाकला. तोही उजळ केलेलाच होता.

तुमचा कसा आहे?