पेटी दम घेस तवय

अक्का पहिले पंधरा दिवस कोणालाच नाचू देत नसत. टँगो शिकायला आलेल्याला धुळ्यातल्या आपल्या अंगणात नुसतं चालायला लावत. त्या निवृत्त पीटी शिक्षिका. मुलाकडे परदेशात नातू सांभाळायला गेल्या आणि टँगो शिकून आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट.

मी यांना घेऊन गेले ते नाचासाठी नव्हे. अर्धांगवायूतून हे उठले होते. पायात ताकद आहे, असं डॉक्टर सांगत. पण माझा दंड सोडून हे पाऊल टाकत नव्हते. मी दुकानात गेले की दिवसभर खुर्चीत.

टँगोत बाई पुरुषाकडे तोंड करून उलटी चालते. आम्हा बायकांना ते अवघडच गेलं. अक्का म्हणाल्या, "लगीन व्हयनं तवयपासून मांगेच चाली राहिन्यात ना? आते तोंड त्यासनाकडे करा. म्हंजे त्यासले बी समजी, मांगे कोण शे ते."

गाणं लागलं की आम्ही वरातीतल्यासारखे प्रत्येक ठोक्याला पाय आपटायचो. त्या संगीतात भात्यासारखी ताणायची एक पेटी असते. अक्का गाणं थांबवून सांगत, "पेटी दम घेस तवय तू बी थांब." मग सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं आणि पेटीनं दम घेतला की बोट वर करायचं. माझं बोट कायम आधीच वर.

चालतानाही मी यांना ओढत असे.

"भाऊ काय बैल शेतस? सोड त्यासले," अक्का म्हणाल्या.

"पडले म्हणजे?"

"पडतीन, उठतीन."

त्यांनी माझे डोळे ओढणीनं बांधले, माझे हात यांच्या हातांवर ठेवले आणि यांना म्हणाल्या, "भाऊ, आते हाई आंधळी शे. हिले तुम्ही न्या."

एक अख्खं गाणं हे जागचे हलले नाहीत. दुसऱ्या गाण्यात पेटी थांबली, पुन्हा सुरू झाली आणि यांचं पाऊल पडलं. मी एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. थोड्या वेळानं हे म्हणाले, "मागे नळ आहे. वळतोय." आजारपणानंतर यांनी मला पहिल्यांदाच आपणहून काही सांगितलं होतं.

यंदा अक्का लेकीकडे सुरतला कायमच्या गेल्या. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. यांनी त्यांची पिशवी उचलली. मी हात पुढे केला, तर अक्का म्हणाल्या, "तू तठेच थांब." दोघं निघाले. मधे एक मोटारसायकल आडवी गेली, हे थांबले, ती गेल्यावर पुढे चालू लागले.

हे परत येईपर्यंत मी काही थांबले नाही. दुकान उघडायचं होतं.